यूडीआयडीचा (सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा) फॉर्म दोनदा अर्धवट सोडलाय, मलाही एडीएचडी आहे

पसारेवाली:
मुलगा नववीत आहे. त्याला डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडखळणं) आणि एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) दोन्ही. दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून आतापासूनच कागदांच्या मागे लागलेय. त्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं काय?" अडतिसाव्या वर्षी मलाही तेच निघालं. थोडक्यात, आंधळ्याला वाट दाखवायला दुसरा आंधळा.

पहिल्यांदा पोर्टलने फोटो घेतला नाही, साइज जास्त म्हणे. तो लहान करायचं ॲप शोधता शोधता मी तासभर पडद्यांची कापडं बघत बसले. दुसऱ्यांदा सगळं भरलं, मुलाची सही घ्यायला कोरा कागद आणायला उठले. तो कागद दुसऱ्या दिवशी फ्रीजवर सापडला, त्यावर दूधवाल्याचा हिशोब. आयक्यू टेस्टचा रिपोर्ट मी 'नीट जपून' ठेवलाय, म्हणजे हरवलाय. सासूबाई म्हणतात, "एक फॉर्म तर भरायचाय!"

तुम्ही कसं निभावलंत?

दोन_मुलांची_आई:
ताई, प्रकार निवडताना यादीत एडीएचडी शोधत बसू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात तो वेगळा नाहीच. डिस्लेक्सिया 'विशिष्ट अध्ययन अक्षमते'त येतो, तेच निवडा. मी या एका रकान्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. आणि आधारवरचं नाव नि शाळेतलं नाव जुळतंय ना, ते आजच बघा.

उद्या_नक्की:
मलाही एडीएचडी आहे. एकट्याने बसू नका, एवढंच सांगेन. माझी बहीण व्हिडिओ कॉल लावून मेथी निवडत बसायची आणि मी फॉर्म भरायचो. ती एक शब्द बोलायची नाही, पण मी उठलो की "कुठे?" एवढंच विचारायची. कागद फाइलमध्ये ठेवू नका. फाइल कपाटात जाते, आणि कपाटात गेलेली वस्तू आपल्यासाठी मेलेली असते. दाराच्या खिळ्याला पारदर्शक पिशवी अडकवा.

झेरॉक्सवाला_झिंदाबाद:
एवढा आटापिटा कशाला? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पैसे द्या, फोटो-सहीची साइज तो डोळे मिटून करतो. फक्त ओटीपीचा मोबाइल सोबत न्या. मी विसरलो होतो, दोन चकरा झाल्या.

पसारेवाली:
झेरॉक्सवाल्याकडेच गेले, शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन. पंचवीस मिनिटांत अर्ज गेला! क्रमांकाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप केलाय, वहिनींनाही. तपासणीला अजून जायचंय. पिशवी दाराला टांगलीय, सासूबाई तिला 'मंत्रालय' म्हणतात.

आणि रिपोर्ट सापडला. इडलीपात्राच्या खोक्यात. का ते विचारू नका.