'रन' तुम्हाला कुठे कुठे भेटला?

'रन' म्हणजे धावणं, आणि क्रिकेटमधली धाव. शाळेत एवढ्यावर माझं भागलं. नोकरीत पहिल्याच महिन्यात वरिष्ठ म्हणाल्या, "रन इट बाय मी." मी लगबगीने फाईल त्यांच्या टेबलावर ठेवून आले आणि पत्र पाठवूनही दिलं. त्यांचं म्हणणं होतं, पाठवण्याआधी माझ्या कानावर घाल. फार वाईट वाटलं होतं. पुढे वाचलं की ऑक्सफर्डच्या कोशाने २०११ मध्ये या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. तुम्हाला त्यातले कुठले भेटले? जरूर लिहा.

•

मी परिचारिका आहे. ताप असला तरी 'रन', नाक वाहत असलं तरी 'रन', हे सवयीचं होतं. एका आजींनी अगदी हळू आवाजात "आय हॅव द रन्स" म्हटलं, तेव्हा मी अडले. त्या संकोचाने पुन्हा सांगेनात. जुलाब होत होते त्यांना! या वयात अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, वेळ घालवून चालत नाही. तेव्हापासून शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचारते.

•

नाटकाच्या तालमीत 'रन-थ्रू' म्हणजे पहिल्या वाक्यापासून पडदा पडेपर्यंत न थांबता. चुकलात तरी पुढे जायचं. मला आवडतो हा अर्थ.

•

धुण्यात रंग गेला की 'रन', मोज्याची वीण उसवत गेली तरी 'रन'.

•

वरचं नाक आणि रंग वाचून सांगावंसं वाटलं: वाहणं हा या शब्दाचा फार जुना अर्थ आहे. जर्मनमधला त्याचा नातलग 'रिनेन' आजही पाण्यासारखं वाहण्यासाठीच वापरतात.

•

मी भाषांतरं करतो. इंग्रजीत जे धावतं ते मराठीत बहुतेकदा चालतं: दुकान, यंत्र, संस्था, नाटक. हे उमगलं त्या दिवशी माझी अर्धी अडचण सुटली, कारण 'चालणे'सुद्धा काही कमी पसरलेलं नाही. आपलं डोकं चालतं, हात चालतो, "चालेल" म्हणून होकारही देतो. निवडणुकीत मात्र अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो, आणि आपलाही उभाच राहतो.