बारावीनंतर पशुवैद्यक की कृषी? काम करणाऱ्यांना नेमके काय विचारावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

मी यंदा बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. आमची सहा एकर कोरडवाहू शेती असून तीत कपाशी आणि तूर असते. मी कृषी पदवी घ्यावी असे बाबांना वाटते. माझा ओढा मात्र पशुवैद्यकाकडे आहे. घराण्यात आजवर कोणी पदवीपर्यंत शिकलेले नसल्यामुळे विचारायला जवळचे माणूस नाही. आमच्या सरांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी बोलण्याचा सल्ला दिला, म्हणून मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन "हे क्षेत्र चांगले आहे का?" असे विचारले. डॉक्टर म्हणाले, "चांगले आहे, अभ्यास कर." दोन मिनिटांत मी बाहेर आले. माझे विचारणे कुठे चुकले?

उत्तर (पशुवैद्यक, वर्धा जिल्हा)

ताई, "चांगले आहे का" या प्रश्नाला कोणीही "हो" एवढेच उत्तर देईल. त्याऐवजी "काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपण काय काय केले?" असे विचारून पाहा. माझा कालचा दिवस सांगतो. सकाळी दवाखान्यातील लोखंडी खोड्यात एकामागून एक गायी उभ्या होत्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मी सात गायींची गर्भतपासणी केली. दुपारी कागदपत्रे होती. रात्री दीड वाजता एका वस्तीवर वासरू अडल्याचा फोन आला आणि गोठ्यात मोबाइलच्या उजेडात दीड तास खटपट केल्यावर वासरू जिवंत बाहेर आले, पण गाय पहाटेपर्यंत उठली नाही. 2022 मध्ये गुरांमध्ये लम्पी या त्वचारोगाची साथ आली, तेव्हा तर किती दिवस घरी जेवलो नाही याचा हिशेब नाही. हे ऐकूनही ओढा टिकला तर त्या ओढ्यावर विश्वास ठेवा.

प्रवेश नीटमधून होतो आणि अभ्यासक्रम आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांचा आहे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचे आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी अवश्य बोला, कारण मुलींच्या अडचणी माझ्यापेक्षा तिला अधिक ठाऊक असतील. दवाखान्यात मात्र सकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारनंतर जा आणि आधी परवानगी घ्या.

उत्तर (कृषी विभागातील कर्मचारी, दारव्हा)

बाबांचा आग्रहही समजून घ्या. मात्र कृषी पदवी म्हणजे आपल्याच शेतात राबणे असा अनेक घरांत समज असतो, तो बरोबर नाही. प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो आणि पदवी चार वर्षांची आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून विदर्भासाठी काम करत आहे. माझ्या कामाचा मोठा भाग गावोगाव फिरण्यात जातो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे, त्यांतील पतंग मोजायचे, आणि सलग 3 दिवस प्रत्येक सापळ्यात रोज 8 किंवा अधिक पतंग सापडले की शेतकऱ्याला फवारणीचा इशारा द्यायचा. गारपीट झाली की पंचनामे करायचे. ज्याचे सारे पीक गेले आहे त्याच्या बांधावर उभे राहून नोंदी लिहिणे हे या नोकरीतले सर्वांत जड काम आहे, आणि ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते.

पेरणीच्या दिवसांत आम्हाला बोलायला सवड नसते, हे लक्षात ठेवावे.

उत्तर (पालक, वाशीम जिल्हा)

माझ्या मुलाच्या वेळी आम्ही ज्या एकाच माणसाला विचारले, तो एका खासगी संस्थेत प्रवेश मिळवून देणारा निघाला. त्याने फी सांगितली, पण वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च सांगितला नाही. त्यासाठी दुसऱ्या वर्षी आम्हाला बैलजोडी विकावी लागली. म्हणून ज्याला तुमच्या प्रवेशातून काही मिळत नाही अशाच माणसाकडे जा आणि पैशाचे विचारताना संकोच करू नका. एकाच वयाच्या माणसांना भेटू नका. नुकताच लागलेला, दहा वर्षे झालेला आणि निवृत्तीला आलेला, असे तिघे गाठा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मी पुन्हा दवाखान्यात फोन केला आणि फक्त एक दुपार शेजारी उभे राहू द्यावे अशी विनंती केली. डॉक्टरांनी गुरुवारी बोलावले आहे. बाबाही सोबत येणार आहेत. आमच्या गायीची गर्भतपासणी राहिली आहे, तीही घेऊन जात आहोत.