फाउंडेशनच्या फॉर्ममध्ये जात्यावरच्या ओव्या कुठल्या रकान्यात टाकू? नेतृत्व, कला की संशोधन?

फलटणची_सून

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबलंय पण प्लीज वाचा. आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे, १२ जणी, त्यातल्या ४ जणी साठीच्या पुढच्या, माझ्या सासूबाई धरून. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, किती येतात ते त्यांनाच माहीत नाही. मी लॉकडाऊनमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली तर एक २०० पानी वही भरली आणि दुसरी अर्धी झालीय. नुसतं "आई, सांगा की" म्हटलं तर दोन-तीन आठवतात आणि मग अडतं. पण जात्याशी बसल्या, खुंटा हातात आला, की एकीतून दुसरी निघत जाते, वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात मूठभर दाणे, घालायला थांबतात तेवढ्यातच काय ते लिहून होतं नाहीतर माझा हात पुरत नाही.

तर एका फाउंडेशनचा फॉर्म गटाच्या व्हॉट्सअॅपवर आलाय. महिला नेतृत्व, कला, संशोधन असे तीन रकाने आहेत आणि एकावरच टिक करायची. मला तिन्ही वाटतात. शिवाय एक भीती आहे. ८-१० वर्षांपूर्वी शहरातून एक मुलगी आलेली, दोन दिवस राहिली, जेवली-खाल्ली, सगळं रेकॉर्ड करून गेली, नंतर ना फोन ना काही. सासूबाई अजून विचारतात त्या पोरीचं पुढं काय झालं गं. आपल्या हातून तसं व्हायला नको. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मुळशीकर

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या मुळशीत हे काम झालेलं आहे आणि तिथं या तीन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. हेमाताई राईरकर आणि गी पॉइतवाँ पुण्यात समाजशास्त्राच्या संशोधनाची संस्था चालवायचे आणि त्याच वेळी इथं डोंगरातल्या गावांमध्ये गरीब डोंगरी संघटनेचं काम चालू होतं. संघटनेच्या बैठकीत बाया बोलायच्या नाहीत. पण ओवी आली की त्याच बाया सासुरवास, माहेर, भाऊ, लेकीचा जन्म, उपास, सगळं सांगायच्या. मग संघटनेतल्या बायांनीच आपापल्या गावात फिरून ओव्या गोळा केल्या, वहीवर, तुमच्यासारख्याच. पुढं नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानं डेटाबेस उभा केला, रेकॉर्डिंग झालं. आज १ लाखाच्या वर ओव्या आहेत, ३ हजारांहून जास्त बायकांच्या, १ हजाराहून जास्त गावांतल्या. त्या काळात पैसा युनेस्कोकडून, नेदरलँड्स सरकारच्या विकास सहकार्य खात्याकडून आणि स्वित्झर्लंडच्या चार्ल्स लिओपोल्ड मायर फाउंडेशनकडून आला होता. म्हणजे फाउंडेशनचा पैसा ओवीपर्यंत पोचलाय याआधी.

गी २००४ ला गेले, हेमाताई २०१० ला. काम थांबलं नाही, २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथांच्या 'पारी' या खेड्यापाड्यांवरच्या वेबसाइटवर त्या ओव्या येतायत. तिथं एक गोष्ट नीट बघा: ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, वाडी, तालुका, काय काम करते ते, सगळं दिलंय. आणि जुन्या गाणाऱ्या बायांना टीम परत जाऊन भेटली, पुन्हा गाऊन घेतलं, व्हिडिओ केले. तुमच्या त्या मुलीनं जे केलं नाही ना, ते हे.

बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा तर वेगळा मोठा साठा आहे त्यात. तुमच्या गटातल्या बौद्ध वस्तीतल्या आज्यांना विचारलंत का? नसेल तर आधी तिकडं जा.

हिशेबनीस_७४

कागदपत्रांचं मी सांगतो, एका ट्रस्टचे हिशेब बघतो म्हणून. पैसा कुठून येतोय ते आधी विचारा. परदेशी फाउंडेशन असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या गटाला थेट पैसे घेताच येत नाहीत, हा कायदाच आहे, त्यामुळे तिथं उत्साहात सही करू नका. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, असेल तर घेणारी संस्था ट्रस्ट, सोसायटी अशी नोंदलेली लागते आणि २०२१ पासून तिनं सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो. बचत गट यात बसत नाही.

म्हणून मला वाटतं वेगळा रस्ता बघा. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, १९९३ मध्ये सुरू झालं, १९९५ पासून अनुदान देतंय, ते व्यक्तीलाही देतात, कलेवरच्या संशोधनासाठी वेगळा कार्यक्रम आहे आणि प्रस्ताव मराठीत लिहिला तरी चालतो. इंग्रजीवाल्या भाच्याला शोधत बसायची गरज नाही. वहिनी, तुम्ही वर जी पोस्ट लिहिलीय, खुंटा हातात आल्यावर एकीतून दुसरी निघते ते, तेच प्रस्तावात लिहा. त्यातच तुमचा संशोधनाचा प्रश्न आहे, हाताचं काम थांबलं की आठवण का थांबते.

म्हसवडची_रेखा

मी नेतृत्वावर टिक करा म्हणेन. आमच्या म्हसवडला चेतनाताई सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली १९९७ ला, त्याआधी रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला होता कारण सभासद बायकांचे अंगठे होते. बायका घरी बसल्या नाहीत, लिहाय-वाचाय शिकल्या, पाचेक महिन्यांनी परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या कुठल्याबी रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटर न घेता सांगतो, तुमच्या साहेबांना पण करायला लावा. लायसन्स मिळालं. त्या बायकांना तोंडी हिशेब कुठून आला? सगळं तोंडपाठ ठेवायची सवय, दुसरं काय. तुमच्या सासूबाईंकडे तीच विद्या आहे. आणि माणदेशीचा रेडिओपण आहे ९०.४ वर, त्यावर गावातल्या बायका बोलतात, गातात. तिथं चौकशी करा, फलटणहून लांब नाही.

मुळशीकर

रेखाताई बरोबर बोलल्या पण एक भर घालते. टिक कुठंही करा, बजेटमध्ये गाणाऱ्या बायकांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, धरा. बहुतेक अर्जांत रेकॉर्डर, प्रवास, टायपिंग सगळ्याचे पैसे असतात आणि आजीला फक्त साडी-नारळ. खुरपणी सोडून ती दिवसभर तुमच्यासाठी बसणार, तिचा रोज बुडतो. हे मला मनापासून वाटतं म्हणून जरा जोरात लिहितेय. आणि परवानगी तोंडी घेतली तरी रेकॉर्ड करून ठेवा, कुठली ओवी बाहेर द्यायची नाही तेही विचारा, काही ओव्या सवतीच्या असतात, जावेच्या असतात, आणि ती जाऊ शेजारच्या घरात अजून नांदत असते.

दहिसरहून

एकच सुचवते. मूळ रेकॉर्डिंगची एक कॉपी गावाबाहेर सुरक्षित असू दे. दहिसरला 'स्पॅरो' आहे, बायकांचा आवाज आणि चित्रांचा संग्रह, १९८८ पासून, नीरा देसाई, सी. एस. लक्ष्मी आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी सुरू केलेला. लेखिका, चित्रकार, चळवळीतल्या बायका, सगळ्यांच्या मुलाखती जपल्यात. त्यांना विचारून बघा. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका, आमच्या आजीचा आवाज तसाच गेलाय.

फलटणची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री गटाच्या मीटिंगमध्ये सगळं वाचून दाखवलं. रोज धरायचा म्हटल्यावर दोघी आधी लाजल्या, "गाण्याचे कुठं पैसे घेत्यात का", पण नंतर त्यातलीच एक म्हणाली ४०० च्या खाली लिहू नको. बौद्ध वस्तीतल्या दोन आज्या यायला तयार आहेत, खरं सांगायचं तर मी आजवर विचारलंच नव्हतं, चुकलं माझं. फाउंडेशनला फोन करून पैसा कुठला ते विचारणारे, तोवर बंगळुरूसाठी मराठीत लिहायला घेतलंय.

सासूबाईंनी सगळं ऐकून एवढंच सांगितलं की जात्याचे दात गेलेत, दळताना नुसतं घसरतं, सूर लागत नाही, आधी टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीनं दगडाला परत दात पाडून घ्या. म्हणजे बजेटमध्ये पहिली ओळ तीच. फलटण, नातेपुते भागात जात्याला टाकी लावून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा, आमच्याकडे यायचे ते बाबा ४-५ वर्षांत फिरकलेले नाहीत.