अ‍ॅल्युमिनियम पेडल : क्लिपचे की बोल्टचे?
स्पोर्टी हॅचबॅकच्या मूळ पेडलांवर नुसती अडकवायची क्लिपवाली अ‍ॅल्युमिनियम कव्हरे बसवायला सोपी म्हणून सुचवली जातात, परंतु ब्रेक आणि क्लचसाठी तरी माझा त्यांना स्पष्ट विरोध आहे. जोरात ब्रेक दाबताना कव्हर सरकले किंवा निसटून पेडलखाली अडकले, तर ब्रेक पूर्ण दाबलाच जाणार नाही. त्यापेक्षा मूळ रबर काढून, खालच्या लोखंडी पट्टीला छिद्रे पाडून नायलॉक नटांनी (आतल्या नायलॉनच्या कडीमुळे सहज सैल न होणाऱ्या नटांनी) आवळलेली पेडले निवडावीत, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर मागे आलेले बोल्ट मॅटला किंवा कार्पेटला टेकत नाहीत ना, हे बसवणाऱ्यासमोरच पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर बहुधा प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या जोडणीत सेन्सर असतो; तिथे ड्रिल फार जपून चालवावे.

मुंबईत खरी कसोटी पावसाची. जून ते सप्टेंबर ओल्या तळव्यांखाली गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम घसरते, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील कार-अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत कितीही चकचकीत नमुने दिसले तरी पृष्ठभागावर ठळक रबरी उंचवटे असलेलेच घ्यावेत. हील-अँड-टो (उजव्या पायाने एकाच वेळी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याचे तंत्र) करणाऱ्यांनी जाडीही तपासावी, कारण ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्या उंचीतील अंतर काही मिलिमीटरने बदलले तरी पायाची सवय चुकते.