नंबरप्लेटवरून ६१७४: सिग्नल सुटायच्या आत किती गाड्या?

केएमटी_खिडकीवाली
रोज कोल्हापुरात केएमटीच्या बसनं कामावर जाते. दाभोळकर कॉर्नरला बस अडकली की शेजारच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा सोडवत बसते. एमएच ०९ सोडायचं, शेवटचे चार आकडे घ्यायचे. मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, त्यातून उलटी मांडणी वजा करायची, येईल त्या उत्तराला परत तेच. ६१७४ आलं की गाडी सुटली. ३५२४ तिनात सुटते: ३०८७, ८३५२, ६१७४. पण १००४ आली की सात वजाबाक्या! एका लाल सिग्नलात चार गाड्या तोंडी झाल्यात. ह्याचा कुठं विक्रम-बिक्रम धरतात का? आणि झटपट करायची काही युक्ती? घरचे म्हणतात हिला खूळ लागलंय.

देवळाली_पंथी
खूळ असलं तरी आपल्या मातीतलं आहे, ताई. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली हे शोधलं. चारही आकडे सारखे नसले की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच, म्हणजे १००४ पेक्षा जास्त छळणारी गाडी रस्त्यावर नाहीच. ९९९९, ७७७७ वाल्या मात्र सोडा, थेट शून्य. एवढे पैसे मोजून घेतलेला नंबर आणि खेळायला बाद! मध्येच ९९९ आलं तर ०९९९ धरा.

अडतीचा_दिवाणजी
पोरी, वजाबाकी मांडतेस कशाला? सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक घे, त्याची ९९९ पट. मधल्या दोघांतला फरक घे, त्याची ९० पट. कर बेरीज. ३५२४ ला पाचातनं दोन गेले तीन, म्हणजे तीन हजाराला तीन कमी, २९९७. चारातनं तीन गेला एक, ९०. झाले ३०८७. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर होतो. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन) हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असल्याशिवाय शेतकऱ्याची पट्टी लिहायला कुणी बसवत नव्हतं. औट, सात, साडेदहा, चौदा... अजून झोपेत म्हणतो. कॅल्क्युलेटर आला तेव्हा सुरुवातीला आम्हीच त्याचं उत्तर तपासायचो.

शंकासुर
दिवाणजींच्या रीतीनं फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. तेवढी ५४ उत्तरं घोकली की खेळ खलास. मग हे गणित कसलं? पाठांतर झालं.

अडतीचा_दिवाणजी
आणि पाढे म्हणजे काय असतंय रे मग?

देवळाली_पंथी
घोकू देत की. खरी गोम दुसरीकडं आहे: इथं उत्तर आधीच ठाऊक आहे. बसमध्ये बसून कुणीही "६१७४" ओरडेल. मोजायची ती पावलं, म्हणजे किती वजाबाक्या लागल्या ते. गाडी दिसली की "तीन" किंवा "सात" म्हणायचं आणि दुसऱ्यानं कागदावर ताडून बघायचं. दुसरं, नंबर आपण निवडायचा नाही, नाहीतर सोप्या गाड्यांवरच नजर जाते. १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतला देवींनी १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला, त्या संख्या तिथल्या संगणक विभागानं निवडलेल्या होत्या. सिग्नलचंही मोजमाप चालायचं नाही, तो कधी लांबतो कधी आखडतो. सरळ एक मिनिट धरा. २००४ पासून मानसिक गणिताचा विश्वचषक होतो, त्यात १६०० ते २१०० मधल्या तारखांचे वार सांगायलाही एकच मिनिट असतं. नंबरप्लेटचा प्रकार तिथं नाही, म्हणजे पहिला मान तुमचाच.

केएमटी_खिडकीवाली
९९९ ची युक्ती लैच भारी, दिवाणजीकाका! आज पहिल्यांदाच पाचव्या गाडीला हात घातला. उद्यापासून मैत्रीण नंबर सांगणार, मी पावलं. एक राहिलंच: काही जुन्या गाड्यांवर तीनच आकडे असतात, त्या बाद का?

अडतीचा_दिवाणजी
बाद कशाला? तीन आकड्यांचं घर वेगळं, ४९५. ३५२ घे: २९७, ६९३, ५९४, ४९५. पण पुढं शून्य लावून ०३५२ केलंस, तर सातच्या सात पावलं मोजायला लागतील.