‘बिरारुंग मार्र’ला ‘आदिवासी स्मृती उद्यान’ म्हणावं का?

मंडळातर्फे भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी मेलबर्नची छोटी माहितीपुस्तिका लिहितेय. यारा नदीकाठी बिरारुंग मार्र हे उद्यान आहे, २००२ मध्ये खुलं झालं. तिथूनच विल्यम बराक पुलावरून एमसीजी या क्रिकेट मैदानाकडे जाता येतं. ‘आदिवासी स्मृती उद्यान’ असं लिहिलंय. बरोबर वाटतं का?

— आधी ‘स्मृती’ काढा. स्मृती उद्यान म्हटलं की हार घातलेला पुतळाच डोळ्यांपुढे येतो. इथले मूळ रहिवासी, वुरुंजेरी लोक, आजही मेलबर्नमध्ये आहेत. यारा नदीच्या रक्षणासाठी २०१७ साली व्हिक्टोरिया राज्यात कायदा झाला, त्याच्या नावातच त्यांच्या वोइवुरुंग भाषेतले शब्द आहेत: ‘विलिप-जिन बिरारुंग मुरोन’, म्हणजे बिरारुंगला, याराला, जिवंत ठेवा. अशांची कसली स्मृती?

— ‘आदिवासी’ चूक नाही, पण आपल्या वाचकाला त्यावरून वारली, गोंड, कातकरी आठवणार. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात राजकीय रंग चढलाय. पहिल्यांदा ‘इथले मूळ रहिवासी वुरुंजेरी’ लिहा, पुढे नुसतं वुरुंजेरी. वारल्यांना आपण वारलीच म्हणतो की.

— आणि ‘बिरारुंग मार्र नदीकाठ’ असं कुठे लिहू नका. बिरारुंग म्हणजे धुक्याची नदी, मार्र म्हणजे काठ. काठाचा काठ होईल! जोड-र मात्र ठेवा, नाहीतर ‘मार’ वाचून आजोबा विचारतील, कुणाला?
‘यारा’ची गंमत माहीत आहे ना? १८३५ मध्ये जॉन हेल्डर वेज या भूमापकाने वाहत्या पाण्याबद्दलचे ‘यारो यारो’ असे शब्द ऐकले आणि तेच नदीचं नाव समजून लिहून घेतलं. खरं नाव बिरारुंग.

— धन्यवाद, ‘वुरुंजेरींच्या बिरारुंगकाठचं उद्यान’ करते. अजून एक: तिथल्या ‘बिरारुंग विलम’ या कलाकृतीत वुरुंजेरी ज्यात येतात त्या कुलिन समूहाच्या पाच गटांच्या पाच धातूच्या ढाली आहेत, त्या सोप्या. पण वळणावळणाची वाट ‘ईल’च्या आकाराची आहे. सर्पमासा लिहू?

— वाम लिहा हो! ती वुरुंजेरींच्या जेवणातली, आपल्याही. सर्पमासा वाचलं तर निम्मी मंडळी त्या वाटेवर पाय ठेवणार नाहीत.