मदत हवी आहे: बांबू आपल्याकडेही आहे, मग रेड पांडा सोलापुरात का नको?

माळावरची बाई
नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वन्यजीव सप्ताहासाठी पोरांना नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्यावर तक्ते करायला सांगितले होते. एका गटाने मोबाईलवर रेड पांडा पाहिला आणि माळढोक राहिला बाजूला.

सिक्कीमचा राज्यप्राणी, नेपाळ, भूतान, म्यानमार, चीन, वजन साधारण ३ ते ६ किलो, संकटग्रस्त, इथवर सांगून झालं. अडलं दोन ठिकाणी. मांसाहारी गणातला प्राणी पाला का खातो? आणि मागच्या बाकावरून आलेला प्रश्न: "बाई, आमच्या बांधाला बांबूचं बेट हाय. आपल्या प्राणिसंग्रहालयात आणून ठेवला तर काय बिघडतंय?" ऊन सोसणार नाही म्हटलं, तर म्हणतो कूलर लावू! हसू नका, उत्तर द्या. पुढचा तास सोमवारी आहे.

कडबाकुट्टी
पोरगं हुशार आहे बाई. आधी पाल्याचं बघू.

पूर्वज मांस खाणारे, त्यामुळे आतडं आखूड. चार कप्प्यांचं पोट नाही, रवंथ नाही. खाल्लेल्या बांबूतला जेमतेम चौथा हिस्सा अंगी लागतो. दुभत्या म्हशीला नुसत्या कडब्यावर ठेवल्यासारखी गत. मग करणार काय, दिवसातले बारा-तेरा तासही खाण्यात जातात. त्यातही निवड चोखंदळ. मोठा पांडा बांबूचं खोडसुद्धा फोडून खातो, हा कोवळी पानं आणि वसंतात कोंब शोधतो. पंजाने डहाळी ओढायची, पान देठाशी तोडायचं, दाढांखाली बारीक चावायचं. घाई नाही. मध्येच फळं, अंडी, एखादं पाखरू मिळालं तर तेही चालतं.

डहाळी धरायला त्याच्या पंजाला अंगठ्यासारखं जास्तीचं हाड असतं, मनगटातलंच एक हाड वाढून झालेलं. त्याच्या एका मांसाहारी नातलगाच्या स्पेनमधल्या जीवाश्मातही ते सापडलं. म्हणजे हा अंगठा आधी झाडावर चढायला आला असावा, बांबू धरायचं काम त्याला पुढे लागलं. मुलांना हे नक्की सांगा. आणि हो, मोठ्या पांडाचा हा धाकटा भाऊ नव्हे. तो अस्वलांतला, याचं कुळच वेगळं आणि त्या कुळात आज हा एकटाच उरलाय.

हुरडा_पार्टी
कूलरचं मी घेतो. तो राहतो साधारण २,२०० ते ४,८०० मीटरवर, धुक्याच्या जंगलात. वर फर (सूचिपर्णी) आणि गुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉन) झाडं, खाली बांबूची दाट झुडपं. अंगावर दुहेरी केस, तळव्यांनाही केस, झोपताना शेपूट अंगाभोवती. पारा २५ च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३! शिवाय नळाला चार-चार दिवसांनी पाणी, कूलरमध्ये काय ओतणार?

तरी "अशक्य" म्हणू नका. सिंगापुरात त्याला वातानुकूलित दालनात ठेवलंय. सोय करता येते, पण ती बारा महिने चालवावी लागते, रोज ताज्या कोवळ्या पाल्यासकट. बांधावरचा निबर कळक काही त्याच्या कामाचा नाही.

माळावरची बाई
दोघांचेही आभार. सिंगापूरचं सांगितलं की एसीची वर्गणी काढतील! संकटात का आहे, तेही थोडक्यात सांगा ना.

कडबाकुट्टी
जंगलाचे तुकडे पडले, हे मुख्य. रस्ता, शेती, चराई यांमुळे मधला बांबू गेला की एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणं अवघड. काही जातींचा बांबू फुलला की बेटंच्या बेटं एकदम वाळतात, तेव्हा शेजारचं जंगल शाबूत हवं. शिकार आहेच, आणि गावकुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपर हा विषाणूचा रोगही. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात पैदास होते. तिथल्या दोन माद्या २००३ मध्ये जवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सोडल्या होत्या.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस
धाग्यात घुसतो, माफी. मे महिन्यात दार्जिलिंगला चाललोय, दिसेल का?

कडबाकुट्टी
प्राणिसंग्रहालयात दिसेल, फक्त गुरुवार टाळा, बंद असतं. जंगलात बघायचा तर सिंगलीलात दोन-तीन मुक्काम धरा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि पहाटे निघा. पावसाळ्यावर ढकलू नका, तेव्हा उद्यान बंद असतं.